सतरा आठे छत्तीसासे

पळाले जानेवारीत आणि लिहायला मार्च उजाडला. पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला निवांत बसायला मिळतं ते दुपारी अडीच ते चार, आणि त्यातही डोळा लागतो. पण ज्यांनी पैसे दिले, पाणी दिलं, माझ्या वाटणीच्या पोळ्या लाटल्या, त्या सगळ्यांना हिशेब द्यायचा राहिलाय. तो इथे देते.

१९ जानेवारी २०२५ ला मी मुंबई मॅरेथॉन पळाले. पूर्ण, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. वय वर्षं ४७, राहणार डोंबिवली, माहेर सेलू. ही मॅरेथॉन २००४ पासून होते, मधली दोन वर्षं करोनामुळे गेली, त्यामुळे यंदाची विसावी. तिच्यात पळणाऱ्याला एखाद्या संस्थेसाठी पैसेही उभे करता येतात. मी ज्या संस्थेसाठी पळाले ती परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलांची आणि त्यांच्या आईवडिलांची राहायची सोय करते. खोली, सामाईक स्वयंपाकघर, आणि रुग्णालयात जायला-यायला गाडी.

हीच संस्था का, ते सांगायला २०१९ मध्ये जावं लागेल.

त्या जुलैत माझी धाकटी बहीण सेलूहून देवगिरी एक्स्प्रेसने पहाटे कल्याणला उतरली. कडेवर आठ वर्षांचा मुलगा. आठ वर्षांचं पोर कुणी कडेवर घेत नाही, पण त्याला चालवत नव्हतं. तीन आठवडे ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. परभणीच्या डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल बघितला आणि चिठ्ठीवर 'टाटा, परळ' एवढंच लिहून दिलं. चार दिवसांत निदान झालं. ए. एल. एल., रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो हाच, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. उपचार पूर्ण घेतले तर यातून बरीच मुलं बरी होतात, पण पूर्ण म्हणजे अडीच-तीन वर्षं, मध्ये सोडायचं नाही, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. 'मध्ये सोडायचं नाही' यावर त्या एवढा जोर का देत होत्या, ते मला तेव्हा कळलं नाही.

उपचारांचा मोठा भार सरकारी योजनेतून आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून हलका झाला. राहण्याचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. सुरुवातीचे महिने दर दोन-तीन दिवसांनी बोलावतात. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की साधा तापसुद्धा जिवावर बेततो, थर्मामीटरचा पारा चढला की तडक रुग्णालय गाठायचं. सेलूहून रात्रभराचा प्रवास करून ते कसं जमणार? बहिणीला मी होते. आमचं घर दीड खोलीचं, त्यात आम्ही चौघं, त्यात ते दोघं. पण छप्पर होतं, नळ होता, गॅस होता. डोंबिवलीहून लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात बसून तासाभरात परळ. कॅन्सरच्या रुग्णांना त्या डब्यातून जाता येतं हेही आम्हाला फलाटावरच्या एका अनोळखी बाईंनी सांगितलं.

सगळ्यांना अशी बहीण नसते. रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर चादर टाकून राहणारी माणसं मी रोज बघत होते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नंबर लागला की बाया एकमेकींना आनंदाने सांगायच्या, तिथे जागा मिळणं म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखं. बाकीचे कुठे पुलाखाली, कुठे भाड्याच्या कोंदट खोलीत. त्यात बुलढाणा जिल्ह्यातलं एक जोडपं होतं. त्यांचा मुलगा आमच्याएवढाच, आजार तोच, औषधांचं वेळापत्रकही तेच. डोक्यावर कायम निळी कानटोपी. दोघं पोरं बाकावर बसून एकमेकांच्या हातातल्या सुया मोजायची. ती आई मला म्हणाली होती, 'ताई, औषध फुकट मिळतं हो, झोपायला जागा फुकट मिळत नाही.' खोलीचं भाडं रोजचं पाचशे. नवरा गावाकडे मजुरी सोडून आलेला. दिवाळीनंतर ती दोघं दिसली नाहीत. मग पोरगंही दिसलं नाही. आमच्या भाच्याने चार-पाच वेळा विचारलं, 'मावशी, टोपीवाला कधी येणार?' नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, 'गावी गेले. फोन लावतोय आम्ही.'

'मध्ये सोडायचं नाही' याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

भाच्याबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण पुढे लागणार आहेत. पहिल्या महिन्यात मुलांना स्टेरॉइड देतात, आणि त्याने भूक अशी लागते की विचारू नका. रात्री दोनला उठून हा म्हणायचा, 'मावशी, पोळी.' मी तवा ठेवायची. एका रात्री नऊ पोळ्या खाल्ल्या त्याने, तूप-साखर लावून. आणि पाठीच्या मणक्यातून द्यायचं इंजेक्शन असायचं त्या दिवशी तो बाहेरच्या बाकावर थरथरायचा. तेव्हा मी त्याला पाढे म्हणायला लावायची. दहापर्यंतचे त्याला झोपेतही येत होते, त्यात भीती विसरली जात नव्हती. म्हणून सतराचा काढला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. तो सतरा आठेला दर वेळी अडायचा. छत्तीसासे आठवेपर्यंत नंबर यायचा आणि नर्सबाई आत घेऊन जायच्या. एकदा दार लागल्यावर आतून मोठ्याने आवाज आला, 'छत्तीसासे!'

२०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद झाल्या तेव्हा शेजाऱ्यांनी पास काढून स्वतःच्या गाडीने सात वेळा परळला नेऊन आणलं, पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये शेवटची गोळी संपली. आता तो आठवीत आहे, सेलूला.

पळणं त्यानंतरचं. त्या अडीच वर्षांत मला रात्री झोप लागायची सवयच मोडली होती. साडेतीनला जाग यायची. केंद्रात कणीक मळायला साडेचारला सुरुवात, मधला एक तास छताकडे बघत काढायची. ठाकुर्लीच्या ९० फुटी रस्त्यावर पहाटे चालायला लागले. तिथे एक निवृत्त मोटरमन काका भेटले, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांच्याबरोबर सात-आठ जण पळायचे. वर्षभराने मी दहा किलोमीटर पळाले, २०२४ मध्ये अर्धमॅरेथॉन. काकांचं शिकवणं रेल्वेच्या भाषेत. 'पहिले दहा किलोमीटर पिवळा सिग्नल धरूनच पळायचं. रस्ता मोकळा दिसला तरी वेग वाढवायचा नाही. पेडर रोडला लाल मिळाला तर थांबायचं, चालायचं, लाज नाही. हिरवा चौपाटीनंतर.' बुटांचंही त्यांनीच सांगितलं. मी मापाचे बूट घेतले होते आणि दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळली. लांब पळताना पाय सुजतात, बूट अर्धा नंबर मोठाच हवा.

संस्थेतर्फे नाव नोंदवलं तेव्हा घरात पहिला विरोध सासूबाईंचा. 'अगं, पैसेच द्यायचेत ना, मग तसेच दे. पळायचं कशाला?' प्रश्न रास्त होता. माझ्याकडे द्यायला पंधरा हजारांच्या वर नव्हते. पळाले तर लोक विचारतील, विचारतील तर मी त्यांना टोपीवाल्याचं सांगेन, एवढंच माझं गणित होतं.

आणि लोकांनी विचारलं. केंद्राच्या काउंटरवर मी एक दोनशे पानी वही ठेवली. पहिल्या पानावर पहिलं नाव आमच्या लाटणाऱ्या मावशींचं, १०१ रुपये. त्या पानावर त्यांच्या अंगठ्याचा पिठाचा ठसा आहे, तो मी पुसला नाही. मग रोज डबा नेणारे, रिक्षास्टँडवाले, समोरच्या इस्त्रीवाल्याने ५०, पाचवीतल्या एका मुलाने खाऊचे १०. भाजीवाल्या भाऊंनी पैसे दिले नाहीत, महिनाभर कोथिंबीर-मिरचीचे घेतले नाहीत आणि 'ते तिकडे टाका' म्हणाले. एका आजोबांनी २१,००० चा धनादेश दिला आणि वहीत नाव लिहू दिलं नाही, नुसतं 'परळ, १९८८' लिहायला सांगितलं. मी विचारलं नाही. ज्यांना करसवलतीची पावती हवी होती त्यांच्याकडून लेकीने थेट ऑनलाइन भरून घेतले, रोख रोजच्या रोज बँकेत.

नोव्हेंबरमध्ये डावी नडगी धरली. जिना उतरताना डोळ्यांत पाणी यायचं. आमच्याकडून डबा नेणाऱ्या एक फिजिओथेरपिस्ट ताई आहेत, त्यांनी तीन आठवडे रोज दुपारी केंद्राच्या मागच्या खोलीत, कांद्याच्या पोत्यांशेजारी सतरंजी टाकून माझा पाय दाबला. दहा दिवस पळणं पूर्ण बंद. तेव्हा मी खचले होते, हे मान्य करते. वहीत तोवर लाखाच्या वर जमले होते आणि मला वाटत होतं आता या सगळ्यांना तोंड कसं दाखवू. ह्यांनी तेव्हा फार बोलून दाखवलं नाही. डिसेंबरात पुन्हा लांब पळायला लागले तेव्हा दर रविवारी पहाटे तीनला सायकल काढून ते माझ्या मागे. कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रक असतात, म्हणून पाठीला लाल दिवा बांधून, हँडलला मीठ-लिंबू-साखरेच्या पाण्याच्या दोन बाटल्या. ३२ किलोमीटर पळाले त्या दिवशी त्यांना रात्रपाळी करून आल्यावर झोपच मिळाली नव्हती. तिकडे केंद्रात चौघी मावश्यांनी साडेचारला शटर उघडून नऊशे पोळ्यांपैकी पहिल्या तीनशे माझ्याशिवाय केल्या. त्या रविवारचा जास्तीचा पगार एकीनेही घेतला नाही.

आणि सासूबाई. शुक्रवारी १७ जानेवारीला आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी वाणाला प्लास्टिकचे डबे नाहीतर गाळणी. या वेळी त्यांनी स्वतःच पाटावर स्टीलचा मोठा डबा ठेवला आणि येणाऱ्या प्रत्येकीला म्हणाल्या, 'या वर्षी वाण नाही गं. वाणाचे पैसे मी यात घातलेत. तुझ्या मनात असेल तर तूही घाल.' ८० जणी आल्या. रात्री डबा ओतला तर १४,२६० रुपये निघाले, नोटांना हळद लागलेली. मोजता मोजता त्या म्हणाल्या, 'पळ. पण परत घरी चालत यायला हवीस.' पळताना खायला त्यांनी तिळगुळाच्या वड्या केल्या, मुद्दाम मऊ, गूळ जरा कमी पाकाचा, म्हणजे धावताना चावावं लागू नये. दर सात किलोमीटरला एक, अशा सहा. शेजारच्या टेलरकाकांनी त्यासाठी कमरेचा पट्टा शिवून दिला.

आदल्या रात्री गिरगावात माझ्या सेलूच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे राहिलो. चाळीतली खोली, पण तिने मला पलंग दिला आणि स्वतः गॅलरीत झोपली. साडेतीनला उठून बिनदुधाचा चहा, केळं. पायी सीएसएमटी. पाचला अंधारात पळायला सुरुवात झाली तेव्हा एवढ्या बुटांचा एकत्र आवाज ऐकून अंगावर काटा आला. मरीन ड्राइव्हला वारा होता, सगळे मला मागे टाकत होते, आणि मी पिवळा सिग्नल धरून.

सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही. वर्षातून या एका सकाळी ती वाट पायांना मोकळी होते. वरळीहून वांद्र्याकडे जाताना सव्वासातच्या सुमाराला उजव्या हाताला, दादर-परळच्या टॉवरांच्या मागून सूर्य वर आला. त्या इमारतींच्या पलीकडे कुठेतरी त्याच वेळी फुटपाथवरच्या बाया चादरी घडी करत असतील. मला ते चित्र नको होतं तरी आलं. दुसरी वडी मी तिथे खाल्ली.

माहीम, शिवाजी पार्क. इथली माणसं काय सांगू! सोलून ठेवलेली संत्री, मिठाच्या वाट्या, गुडघ्यांवर स्प्रे मारायला वाकलेली कॉलेजची पोरं, एका गल्लीत लेझीम. आफ्रिकेचे धावपटू मागून येऊन वाऱ्यासारखे निघून गेले, त्यांच्या पावलांचा आवाजच होत नव्हता. शिवाजी पार्कला हे उभे होते, हातात मीठ लावलेले उकडलेले बटाटे. 'पाय?' 'आहे.' बोलणं एवढंच झालं.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. वरळीला ऊन लागायला लागलं. घामाचं मीठ भुवयांवर वाळून खरखरत होतं. तिसाव्या किलोमीटरनंतर मांड्या दगडासारख्या झाल्या आणि नडगी पुन्हा बोलायला लागली. हाजी अलीचा चौक सोडला की पेडर रोडचा चढ. गाडीतून जाताना तो चढ आहे हेही कळत नाही. पण तो येतो पस्तीस किलोमीटर झाल्यावर. मी थांबले. कठड्याला हात लावून उभी राहिले आणि पाय उचलेचना.

'मावशी!'

बहीण आणि भाचा आदल्या दिवशीच देवगिरीने आले होते, ते चढाच्या पायथ्याशी उभे राहणार हे ठरलेलं होतं. पण तो माझ्याएवढा उंच झालाय हे त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. आवाज फुटलाय त्याचा. बहीण रडत होती, तिच्याकडे मी बघितलंच नाही. तो फुटपाथवरून, कठड्याच्या पलीकडून माझ्या बरोबरीने चालायला लागला आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, 'सतरा एके सतरा.'

मी पाऊल टाकलं.

'सतरा दुणे चौतीस. म्हण ना मावशी.'

सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. लोक बघत होते. आमच्या मागच्या एक बाई, मराठी होत्या, त्याही म्हणायला लागल्या. सतरा आठेला तो थांबला, माझ्याकडे बघितलं. मुद्दाम थांबला होता, आता त्याला येतो तो पाढा. मी म्हटलं, 'छत्तीसासे.' सतराचा तीनदा झाला, मग अठराचा, मग एकोणीसचा. जसलोक मागे पडलं, केम्प्स कॉर्नरला उतार लागला आणि तिथे गर्दीमुळे त्याला पुढे येता येईना. तो ओरडला, 'आता हिरवा, काकांनी सांगितलंय!'

चौपाटी, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट. पाच तास बावन्न मिनिटं. संध्याकाळी डोंबिवलीला जिन्याच्या पायऱ्या मी बसून बसून चढले, पण घरी पायांनी आले, सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला.

वहीचा हिशेब: रोख आणि ऑनलाइन मिळून १,८६,३४० रुपये, त्यात माझे पंधरा हजार धरून. वही केंद्रात आहे, कुणीही येऊन बघावी.

फेब्रुवारीत एका सोमवारी, केंद्र बंद असतं त्या दिवशी, संस्थेच्या घरी जाऊन आले. अकरा खोल्या, प्रत्येक दारावर गावाचं नाव खडूने लिहिलेलं. टोपीवाल्याचं तिथे विचारलं. इतक्या जुन्या नोंदी त्यांच्याकडे नाहीत. स्वयंपाकघरात वाशीमची एक बाई पोळ्या करत होती, मूल पायाशी बसलेलं, गाल स्टेरॉइडने फुगलेले. तिला दुपारी रुग्णालयात जायचं होतं आणि हात भाजला होता, म्हणून मी तिच्या हातातलं लाटणं घेतलं. कणीक जरा सैल होती, पीठ लावून सारखी केली. किती महिने राहिलेत, विचारलं.

'अजून चौदा,' ती म्हणाली. 'आधी मालक म्हणत होते, परत जाऊ. आता नाही म्हणत. आता जागा आहे ना.'

मुलाने ताटली पुढे केली. चौथी पोळी संपली होती. मी तव्याखालचा गॅस मोठा केला.